वकील तर दिला, आता पुढे काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. धाकटा भाऊ, वय २२, चार दिवसांपूर्वी धनकवडीतल्या भांडणात अटक झाली, कलम १०९ लागलंय, समोरच्या पोराच्या डोक्याला कोयता लागलाय, भाऊ पोलीस कस्टडीत आहे. तुम्ही वकील दिलाय, पस्तीस हजार भरलेत आणि दोन दिवस वकिलांचा फोन लागत नाहीये. आता पुढे काय होणार, किती दिवस जाणार आणि हाच वकील ठेवायचा की बदलायचा, हे विचारलंय. मी पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात एकोणीस वर्षं फौजदारीच करतोय, त्यामुळे फोन न उचलणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो.

१०९ म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं, पूर्वीचं ३०७, आपल्याकडे सगळे हाफ मर्डर म्हणतात ते. १ जुलै २०२४ पासून कायदे बदललेत त्यामुळे चौकातला कोणी जुने नंबर सांगत असेल तर गोंधळू नका, गुन्हा तोच आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि समोरच्याला दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत जाते, म्हणून केस शेवटी सेशन्स कोर्टात चालणार आणि जामीनही धरून चाला की तिथेच मागावा लागणार.

आता फोनचं. सकाळी अकरापासून वकील कोर्टात असतो, या कोर्टातून त्या कोर्टात पळत असतो, जजसमोर फोन वाजला तर जप्त व्हायची वेळ येते, संध्याकाळी ऑफिसला आला की दहा माणसं बसलेली असतात. पण खरं कारण वेगळंय. घरचे दिवसातून सहा वेळा फोन करून एकच विचारतात, "साहेब काय झालं?" आणि त्या दिवशी खरंच काही झालेलं नसतं. क्रिमिनल केसमध्ये बरेच दिवस काहीच होत नाही असं वाटतं, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतो इतकंच. म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लावा, काय झालं विचारायचं नाही, कागद मागायचा. एफआयआरची कॉपी द्या, रिमांड रिपोर्टची (कोठडी मागताना पोलीस कोर्टाला देतात तो कागद) कॉपी द्या, अर्ज टाकलाय तर त्याचा नंबर द्या. संध्याकाळी सातनंतर एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, त्यात भावाचं नाव, गुन्हा नंबर आणि एकच प्रश्न. कागद देणारा वकील फोन कमी उचलत असला तरी चालतो, आणि दर वेळी गोड बोलून "काळजी करू नका, मी बसलोय ना" म्हणणारा पण एक कागद न दाखवणारा, त्याची काळजी करा.

पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात काय काय असायला पाहिजे ते सांगतो. एफआयआर पोलिसांच्या वेबसाईटवर पण मिळते (लैंगिक गुन्हे वगैरे नाजूक प्रकरणं सोडून). अटकेची कारणं लेखी द्यायची असतात, त्याची कॉपी. हे कागद लोक फेकून देतात पण नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच शक्य नसेल तर निदान रिमांडला हजर करायच्या दोन तास आधी तरी. दिली नसतील तर अटकच बेकायदा ठरवायचा मुद्दा होतो, म्हणून भावाला काय कागद दिला, कधी दिला, सही कधी घेतली हे वकिलाला पहिल्या भेटीत सांगा. मग वकीलपत्र. त्यावर भावाची सही लागते, तुमची नाही, कारण पक्षकार तो आहे, पैसे तुम्ही भरत असलात तरी. कस्टडीत असताना सही बहुतेक रिमांडच्या वेळी कोर्टातच घेतात, येरवड्यात गेल्यावर घ्यायची तर जेलच्या अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने येते आणि त्यात दोन-तीन दिवस जाऊ शकतात.

रिमांडला तुम्ही गेला असाल तर बघितलं असेलच, सगळं चार मिनिटांत उरकतं. पोलीस म्हणतात हत्यार जप्त करायचंय, फरार आरोपी शोधायचेत, कपडे आणि गाडी जप्त करायचीये, इतके दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कस्टडी, द्या. आपला वकील म्हणतो कशाला हवा, नाहीतर कमी द्या. मॅजिस्ट्रेट भावाला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. इथे पोरं घाबरून "नाही" म्हणतात आणि मग घरी रडतात की मारलं. मारलं असेल तर तिथेच सांगायचं, मॅजिस्ट्रेट ते लिहून घेऊन ससून हॉस्पिटलला तपासणीला पाठवू शकतात. कस्टडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी मेडिकल व्हायलाच पाहिजे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क पण आहे, पूर्ण वेळ शेजारी बसायला मिळत नाही पण भेटता येतं, तुमच्या वकिलाने भेट घेतलीये का हे विचारा, हा योग्य प्रश्न आहे.

एक बदल मात्र लक्षात ठेवा कारण बऱ्याच जणांना अजून सवय नाही झालेली. आधी पोलीस कस्टडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची, पंधरा दिवस गेले की विषय संपला. आता एकूण पंधराच दिवस, पण दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ते पहिल्या साठ दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येतात. म्हणजे भाऊ येरवड्यात गेला, तुम्ही सुटकेचा श्वास सोडलात आणि वीस दिवसांनी पोलीस परत पीसीआर मागायला आले असं होऊ शकतं. ते आलं म्हणून वकिलाने काम बिघडवलं असं समजू नका.

आणि "त्याने गुन्हा कबूल केला" असं पोलिसांनी सांगितलं म्हणून घरात रडारड करू नका. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. चालतं ते इतकंच की त्याने सांगितलं म्हणून एखादी वस्तू सापडली, म्हणजे निवेदन पंचनामा करून "कोयता काढून दिला" असं जे दाखवतात ते. ते कुठून काढून दिलं, पंच कोण होते, जागा सगळ्यांना दिसणारी होती का, यावर पुढे उलटतपासात खूप काही उभं राहतं. म्हणून भाऊ भेटला की वकिलाला हे तपशील काढून घेऊ द्या, तुम्ही लॉकअपच्या गजाआडून मोठ्याने विचारत बसू नका, शेजारी हवालदार उभा असतो.

आता जिथे तुमचा हात खरोखर लागतो तो भाग. आम्ही वकील घटनेच्या जागी राहत नाही, तुम्ही राहता.

सीसीटीव्ही. दुकानं, सोसायट्या, हॉटेलं यांच्या रेकॉर्डरमध्ये फुटेज थोडेच दिवस राहतं, पंधरा दिवस, कुठे महिना, मग त्यावरच नवीन चढतं. पोलिसांनी त्यांच्या कामाचं फुटेज घेतलेलं असतं, तुमच्या कामाचं ते घेतीलच असं नाही. माझ्याकडे एक केस होती, पोरगा म्हणत होता मी भांडणाच्या वेळी दोन चौक सोडून अमृततुल्यवर बसलो होतो, समोर मेडिकलचा कॅमेरा आहे. हे घरच्यांना माहीत होतं पण मला सांगितलं अडीच महिन्यांनी, जामिनाच्या वेळी. तोपर्यंत काय राहिलंय. तो पोरगा खरं बोलत होता की नाही मला आजही माहीत नाही आणि तेच वाईट वाटतं. म्हणून आज संध्याकाळी त्या रस्त्यावरून चालत जा, कुठे कुठे कॅमेरे आहेत, कोणत्या दिशेला तोंड आहे, दुकानाचं नाव, हे वहीत लिहा आणि वकिलाला द्या, तो फुटेज जपून ठेवण्यासाठी कोर्टात अर्ज टाकेल. स्वतः दुकानदाराकडे जाऊन पेनड्राईव्हमध्ये घेऊ नका, ते नंतर पुराव्यात आणताना सर्टिफिकेट लागतं, आणि शिवाय दुकानदार उद्या साक्षीदार झाला तर तुम्ही त्याच्यावर दबाव आणला असं येतं.

दुसरं, तुमच्या भावाला स्वतःला काही लागलंय का? तुम्ही याबद्दल एक शब्द लिहिला नाहीये आणि मला तेच खटकतंय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, अशीच हाफ मर्डरची केस, आरोपीची आई दर तारखेला एक प्लास्टिकची पिशवी घेऊन यायची, त्यात डबा असेल असं मी समजायचो. वर्षभराने बाई म्हणाल्या, साहेब ही कागदं घरी पडलीयत, काही उपयोग आहे का बघा. त्यात ससूनचा केसपेपर होता, त्याच रात्रीचा, पोराच्या दंडाला सात टाके. पोलिसांच्या कागदात त्या जखमेचा उल्लेखच नव्हता. भांडण दोन बाजूंचं होतं हे दाखवणारा एकमेव कागद, आणि तो वर्षभर माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसत होता, मी विचारलं नाही ही माझीच चूक. सरकार पक्षाला आरोपीच्या अंगावरच्या जखमेचा खुलासा करता आला नाही तर त्यांची सगळी गोष्ट लंगडी पडू शकते. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत पिशवी उघडायला लावतो. तुम्हीही न्या, दवाखान्याचं बिल, जुनी एनसी (पोलिसांत नोंदवलेली अदखलपात्र तक्रार), भांडणाआधीचे धमकीचे मेसेज, काहीही असू दे, उपयोग आहे की नाही हे वकील ठरवेल.

आणि वकिलाला सगळं खरं सांगा. सगळं म्हणजे भावावर आधीची केस असेल तर ती, तो त्या पोरांबरोबर फिरायचा असेल तर ते, कोयता त्याचाच असेल तर ते पण. लोकांना वाटतं वकिलाला खरं सांगितलं तर तो मनापासून लढणार नाही. आम्ही अशी गोष्ट ऐकून हललो असतो तर केव्हाच दिवाणीकडे गेलो असतो. पक्षकाराने सांगितलेलं बाहेर काढायला वकिलाला कायद्यानेच बंदी आहे, फक्त पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागाल तर ते संरक्षण नाही. आधीची केस लपवली तर काय होतं ऐका, जामिनावर मी जोरात म्हणतो की पोरगा स्वच्छ आहे, पहिलाच गुन्हा आहे, आणि सरकारी वकील शांतपणे पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, वाचतात, त्यात दोन गुन्हे नंबर. त्यानंतर जज माझं काहीच ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

वकिलाला जितकं सांगाल तितकं बाहेर गप्प बसा. समोरच्या घरी जाऊन आईने पाया पडणं, मामाने "मिटवून टाका" म्हणणं, मित्रांनी दवाखान्यात जाऊन बघून येणं, यातलं काहीही नको. तुमच्या मनात माफी असते, त्यांच्या जबाबात धमकी होते. साक्षीदाराला खोटी साक्ष द्यायला धमकावलं असा नवीन गुन्हा लागतो आणि भावाचा जामीन तिथेच अडकतो. १०९ तडजोडीने मिटणारं कलम नाहीये, दोन्हीकडची खरोखर इच्छा असेल तर पुढे हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज करता येतो, तिथेसुद्धा जखम किती गंभीर, हत्यार कोणतं हे बघतात, आणि ती बोलणी वकिलांमार्फत होतात. इन्स्टावर भावाचा फोटो टाकून "वाघ पिंजऱ्यात" असलं लिहिणारे त्याचे मित्र असतील तर आजच डिलीट करायला लावा. ओळख परेड बाकी असेल तर त्याचा चेहरा झाकून नेतात तो उगाच नाही, पण इकडे तुम्हीच फोटो फिरवल्यावर परेडला काय अर्थ राहिला. त्यातून आरोपींचा फायदा होईल असा मुद्दा काढता येईल असं काही हुशार सांगतात, त्यांचं ऐकू नका, स्टेटसमधला रुबाब से मध्ये "दहशत" म्हणून येतो. आणि एकापेक्षा जास्त आरोपी असून जुने गुन्हे असतील तर पुण्यात मोक्क्याची (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) टांगती तलवार असते. मोक्का लागला की जामीन भलताच अवघड आणि चार्जशीटची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. रुबाब परवडत नाही.

जामिनाचं वेळापत्रक विचारलंत. पीसीआर संपला की एमसीआर होतो, म्हणजे न्यायालयीन कोठडी, येरवडा. मग जामीन अर्ज सेशन्सला टाकायचा. अर्ज टाकला की लगेच ऐकत नाहीत, सरकारला नोटीस, पोलिसांचा से मागवायचा, से येत नाही, तारीख, तपास अधिकारी बंदोबस्तात, तारीख (गणपतीत टाकला असेल तर विचारूच नका), मग युक्तिवाद, मग ऑर्डर. दोन-तीन आठवडे सहज, जास्तही. या प्रकारच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे जखमीचं इंजुरी सर्टिफिकेट. जखम साधी की गंभीर, जिवावर बेतणारी होती का, तो घरी सोडला का. जखमी अजून आयसीयूत असताना घाईने अर्ज टाकला तर फेटाळला जाण्याची शक्यताच जास्त, आणि एकदा फेटाळलेला अर्ज परत टाकायला परिस्थितीत काही बदल दाखवावा लागतो. त्यामुळे वकील "थांबा, आठ दिवसांनी टाकू" म्हणाला तर तो आळशी आहे असं लगेच धरू नका, का थांबायचं ते विचारा. उत्तर असेल त्याच्याकडे. सेशन्सने नाही दिला तर मुंबई हायकोर्ट, त्याची फी वेगळी, वेळ वेगळा.

दुसरी एक तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा. पहिल्या रिमांडचा दिवस धरून नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर एक्क्याण्णवाव्या दिवशी जामीन हा हक्क होतो, केस कितीही वाईट असू दे. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवस धरून. पण अर्ज चार्जशीट दाखल व्हायच्या आधी पडायला हवा, त्यामुळे आम्ही त्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधी फाईल घेऊन खिडकीपाशी उभे असतो. बहुतेक वेळा पोलीस ८८-८९ व्या दिवशी गठ्ठा आणून टाकतातच. तरी लिहून ठेवा.

जामीन झाला की लोक त्याच रात्री येरवड्याच्या गेटवर जाऊन उभे राहतात. ऑर्डर निघाल्यापासून माणूस बाहेर येईपर्यंत जामीनदार, त्याची कागदपत्रं, पडताळणी, मग सुटकेचा आदेश जेलला जाणं, इतकं सगळं असतं. जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरता कॅश बेल (रोख रक्कम भरून सुटका) मिळतो का ते वकिलाला विचारा, अर्ज केला तर बरेचदा मिळतो. कोर्टाच्या आवारात कोणीतरी जवळ येऊन "जामीनदार पाहिजे का, चार हजारात देतो" म्हणेल. नको. त्यांची रेशन कार्डं आणि सातबारे खोटे निघतात आणि मग भाऊ राहिला बाजूला, फसवणुकीची केस तुमच्यावर. सुटल्यावर गाड्यांची मिरवणूक नको, फटाके नको, रिक्षाने घरी आणा. अटी वाचा, दर सोमवारी हजेरी असेल तर सोमवारीच जायचं, हद्दीत यायला बंदी असेल तर मावशीकडे ठेवा, एक हजेरी चुकली तरी तेच पुढे जामीन रद्द करायच्या अर्जात येतं.

ट्रायलबद्दल आत्ता फार लिहीत नाही. चार्जशीटची कॉपी फुकट मिळते, केस मॅजिस्ट्रेटकडून सेशन्सला कमिट होते, मग चार्ज फ्रेम, साक्षीदार, सरतपास, उलटतपास, आरोपीचा जबाब, युक्तिवाद, निकाल. नव्या कायद्यात टप्प्यांना साठ दिवस, नव्वद दिवस अशा मुदती लिहिल्यात, प्रत्यक्षात वर्षं धरून चाला. ई-कोर्ट्सचं अ‍ॅप घ्या, सीएनआर नंबर (केसचा ओळख नंबर) वकिलाकडून मागा, पुण्याचा एमएचपीयूने सुरू होतो, पुढची तारीख स्वतः बघता येते. तारखेला येता येत नसेल तर आधी सांगा म्हणजे गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो, न सांगता दांडी मारली तर वॉरंट निघतं.

पैशाचं. पस्तीस हजार कशाचे भरलेत हे तुम्हाला माहीत आहे का? रिमांडचे, जामिनाचे की पूर्ण केसचे? बहुतेक भांडणं इथेच होतात. टप्प्याटप्प्याने किती, हे मेसेजवर तरी लिहून घ्या आणि पावती मागा, मागितली म्हणून कोणी रागवत नाही, रागावला तर तेही कळलं. "जामीन झाला तरच इतके" अशी निकालावरची फी घ्यायला वकिलाला बंदी आहे. खात्रीने सोडवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आणि "वर द्यायला लागतात" असं कोणी म्हणालं, वकील असो की आणखी कोणी, तर तिथून उठायचं, लाचलुचपतचा नंबर १०६४ आहे. पैसे संपले तर लाज वाटू देऊ नका, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर कोर्टातच आहे, फोन १५१००. तिथली काही पोरं-पोरी फी घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाचून येतात, हे मी आमच्याच लोकांच्या शिव्या खाऊन लिहितोय.

वकील बदलायचा का? चार दिवसांत, दोन दिवस फोन लागला नाही म्हणून, नाही. आधी मेसेज करून हे तीन कागद मागा: एफआयआर, रिमांड रिपोर्ट, वकीलपत्राची कॉपी. आठवड्यात मिळाले नाहीत, किंवा पुढच्या रिमांडला तो स्वतः नाही आणि पाठवलेल्या ज्युनियरला केसच माहीत नाही, तर बदला. जुन्या वकिलाची ना हरकत घ्यावी लागते, बहुतेक जण देतात, आणि फी राहिली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच तसं सांगितलंय.

तोपर्यंत एक काम करा. मुळशीत काकांची जमीन आहे म्हणून तुम्ही लिहिलंय, तर काकांना विचारा जामीनदार राहणार का, आणि हो म्हणाले तर डिजिटल सहीचा ताजा सातबारा, आधार, रेशन कार्ड आणि दोन फोटो आत्ताच काढून ठेवा. जामीन शुक्रवारी दुपारी झाला आणि काका उतारा शोधत बसले तर भावाचा शनिवार-रविवार आतच जाईल. आणि भावाच्या अंगावर जखम आहे का ते मला कळवा.